स्फोटकाचा रंग आणि पुराव्याचे वजन

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा ठिकाणी बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसे मृत्युमुखी पडली आणि ‘आरडीएक्स’ हा शब्द देशभर घरोघरी पोचला. अशा प्रसंगी तपासाचा पहिला प्रश्न असतो : स्फोटक कोणते? प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहण्याइतका वेळ घटनास्थळी नसतो.

या निकडीला भारतीय विज्ञानाने दिलेले एक उत्तर म्हणजे पुण्याच्या ‘एचईएमआरएल’ने विकसित केलेला स्फोटक-शोध संच. डीआरडीओच्या या प्रयोगशाळेचे मूळ १९०८ साली नैनितालला सुरू झालेल्या रासायनिक परीक्षकाच्या प्रयोगशाळेत आहे. संचाची रीत सोपी आहे. काही मिलिग्रॅम नमुना घ्यायचा, त्यावर अभिकारकाचे तीन-चार थेंब टाकायचे आणि उमटणारा रंग पाहायचा. काही मिनिटांत उत्तर मिळते. २०१३ मध्ये एका अमेरिकी कंपनीने या तंत्रज्ञानाचा परवाना घेतला.

अशा रंगपरीक्षणांमागचे रसायनशास्त्र मात्र फार जुने आहे. पीटर ग्रीस हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडमधील एका बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. नायट्राईट ओळखण्याची त्याची चाचणी १८७९ सालची. नायट्रोग्लिसरीनसारख्या स्फोटकावर अल्कलीची क्रिया झाली की नायट्राईट मुक्त होते आणि ग्रीसच्या अभिकारकामुळे गुलाबी-तांबडा रंग येतो. म्हणजे चाचणी नायट्राईट ओळखते. ते कशातून आले, हे ती सांगत नाही.

हा भेद विसरल्याची किंमत ब्रिटनमध्ये सहा माणसांनी मोजली. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅममधील दोन मद्यगृहांत झालेल्या स्फोटांत २१ जण ठार झाले. संशयितांपैकी काहींच्या हातांवर ग्रीस चाचणी ‘होकारार्थी’ आली. त्यांनी स्फोटके हाताळली असल्याची तज्ज्ञाने न्यायालयात जवळजवळ खात्री दिली आणि सहाही जणांना जन्मठेप झाली. यांच्यापैकी काही जण त्या रात्री आगगाडीत पत्ते खेळले होते. पत्त्यांवरच्या चकचकीत लेपात नायट्रोसेल्युलोज असते आणि तेही हाच रंग देऊ शकते, हे पुढे दाखवून देण्यात आले. अपील न्यायालयाने १४ मार्च १९९१ रोजी शिक्षा रद्द केल्या, तेव्हा तुरुंगात सोळा वर्षे सरली होती. कबुलीजबाबांबरोबरच हा वैज्ञानिक पुरावाही तेथे टिकला नाही.

यात ग्रीसची चाचणी खोटी ठरली नाही. तिच्या उत्तराचा अर्थ चुकीचा लावला गेला. घटनास्थळावरील संच संशयाला दिशा देतो, परिसर रिकामा करायचा की नाही हे ठरवायला मदत करतो, आणि तिथे त्याचे मोल मोठे आहे. परंतु एखाद्या माणसावर आरोप ठेवायचा, तर वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापनासारख्या पद्धतींनी तो रेणू स्वतंत्रपणे ओळखावा लागतो.

म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी कोणत्याही ‘होकारार्थी’ निष्कर्षापुढे थांबून विचारावे : हाच रंग आणखी कोणकोणते पदार्थ देतात?