झिमेलिडीन : एका औषधाची अल्प कारकीर्द

आपल्या मंडळींत रक्तदाबाची गोळी चारचौघांत घेतली जाते. नैराश्यावरची मात्र गुपचूप. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टरेटही अभियांत्रिकीतली. त्यामुळे औषधशास्त्रावर अधिकारवाणीने बोलणार नाही. पण वस्तू लोकांच्या हाती पडल्यावरच तिचे काही दोष का उघडकीस येतात, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला. म्हणूनच झिमेलिडीनच्या इतिहासाने मला खिळवून ठेवले.

ॲलर्जीवरची काही जुनी औषधे मेंदूतल्या सीरोटोनिनचे पुनर्शोषण अडवतात, हे स्वीडनमधले शास्त्रज्ञ अर्विड कार्लसन यांच्या लक्षात आले. (पुढे २००० साली डोपामाइनवरील संशोधनासाठी त्यांना नोबेल मिळाले.) त्यांपैकी ब्रोमफेनिरामीन या औषधाच्या रेणूत फेरफार करून, आस्त्रा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांच्या साथीने त्यांनी झिमेलिडीन घडवले. १९८२ साली ते युरोपात विक्रीला आले. नेमके सीरोटोनिनवर काम करणाऱ्या पहिल्या औषधांपैकी हे एक. साहजिकच अपेक्षा मोठ्या होत्या.

थोड्याच काळात तक्रारी येऊ लागल्या. गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, डोकेदुखी, सांधे व स्नायू दुखणे. कोणालाही फ्लू वाटावा, पण रक्ततपासणीत यकृतालाही झळ पोचलेली दिसे. ही शरीराने औषधाविरुद्ध दिलेली ॲलर्जिक प्रतिक्रिया होती. मोजक्या रुग्णांना तर गियाँ-बारे हा विकार जडला. यात प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने औषध मागे घेतले. ॲलर्जीच्या औषधातून जन्मलेली गोळी अशा प्रतिक्रियेपायीच संपली!

हे एकच उदाहरण नव्हे. जर्मनीत १९७६ पासून विकले जाणारे नोमिफेन्सिन अमेरिकेत १९८५ मध्ये आले आणि जानेवारी १९८६ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. काही रुग्णांची प्रतिकारशक्ती त्या औषधामुळे तांबड्या रक्तपेशीच नष्ट करीत होती.

मग चाचण्यांत हे का कळले नाही? हिशेब सोपा आहे. दहा हजारांत एकाला होणारा त्रास एकदा तरी दिसेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे तीस हजार लोकांना औषध द्यावे लागते. मंजुरीपूर्वी सहसा काही हजारच रुग्ण असतात. उलट, १९८७ अखेर अमेरिकेत मंजूर झालेल्या फ्लुओक्सेटीनने सुमारे ४ टक्के रुग्णांना पुरळ किंवा गांधी उठतात, हे आधीच्या चाचण्यांतच दिसले होते. वारंवार घडणारे आधी सापडते. क्वचित घडणारे नंतर, आणि तेही कोणी कळवले तरच.

त्यासाठी ब्रिटनमध्ये १९६४ पासून 'यलो कार्ड', अमेरिकेत १९९३ पासून 'मेडवॉच' आणि भारतात २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम आहे. पण लपवून घेतलेल्या गोळीची नोंद कोण करणार? 'पित्त उठलं असेल' म्हणून अंगाला कोकम चोळून गप्प बसलो, तर पुढच्या डॉक्टरला काही कळायला मार्ग नाही.

तेव्हा मंडळी, अशी गोळी घेत असाल तर पुरळ, ताप वा सूज दिसताच डॉक्टरांना कळवा; श्वासाला त्रास झाला तर थेट इमर्जन्सी गाठा. आणि औषधाचे मूळ नाव लिहून पाकिटात ठेवा. कंपनीने दिलेले नाव इथे एक, पुण्यात दुसरे. मूळ नाव दोन्हीकडे तेच.