भ्रूणाचे पहिले आठ आठवडे

स्त्रीबीजाचे फलन झाल्यापासून आठव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत वाढणाऱ्या जीवाला भ्रूण म्हणतात. त्यानंतर जन्मापर्यंत त्याला गर्भ ही संज्ञा आहे. शरीराच्या जवळजवळ सर्व प्रमुख अवयवांचा पाया या अल्प काळात घातला जातो आणि त्यातील मोठा भाग दिवस गेल्याची खात्री होण्यापूर्वीच पार पडतो.

कालगणना : डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. फलन त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे डॉक्टरांचे सहा आठवडे भरतात, तेव्हा भ्रूणाचे खरे वय चार आठवड्यांचे असते. पुढील दिवस फलनापासून मोजलेले आहेत.

पहिले दोन आठवडे : फलन बीजवाहिनीत होते. सुमारे ३० तासांत एका पेशीच्या दोन पेशी होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा दिसणारा पेशींचा गोळा तयार होतो. पाचव्या दिवशी त्यात पोकळी निर्माण होते. आतील पेशीपुंजापासून भ्रूण, तर बाहेरच्या थरापासून वारेचा मुख्य भाग घडतो. सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. रुजल्यावर स्रवणारे एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात आणि लघवीत उतरते. गरोदरपणाची चाचणी त्यावरच आधारलेली आहे.

तिसरा व चौथा आठवडा : भ्रूणाचे तीन स्तर होतात. बाह्यस्तरातून त्वचेचा वरचा थर व चेतासंस्था, मध्यस्तरातून स्नायू, हाडे, हृदय व रक्त, तर अंतःस्तरातून अन्नमार्ग व फुप्फुसे यांची आतील अस्तरे घडतात. साधारण २२व्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. याच काळात पाठीकडील एक पट्टी दुमडून तिची नळी बनते. हीच चेतानलिका, म्हणजे भावी मेंदू आणि मज्जारज्जू. तिची दोन्ही टोके २८व्या दिवसापर्यंत मिटतात. वरचे टोक उघडे राहिल्यास मेंदू व कवटी यांची वाढ होत नाही. खालचे राहिल्यास मणक्यात ‘स्पायना बिफिडा’ हे व्यंग उद्भवते. पाळी नियमित असलेल्या स्त्रीची पाळी तोवर जेमतेम दोन आठवडे लांबलेली असते.

फॉलिक ॲसिड : ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या गरोदरपणात असे व्यंग आढळलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिल्यास त्याची पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. मूल हवे असे ठरल्यापासून गरोदरपणाच्या १२व्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आधी असे व्यंग आढळले असल्यास डॉक्टर अधिक मात्रा देतात.

पाचवा ते आठवा आठवडा : हातापायांचे अंकुर लांबतात, बोटे सुटी होतात, चेहरा आकार घेतो. आठव्या आठवड्याअखेर भ्रूणाची लांबी सुमारे तीन सेंटिमीटर असते. या घडणीच्या काळात औषधांचा धोका सर्वाधिक असतो. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीस आलेले थॅलिडोमाइड मळमळीवर गरोदर स्त्रियांनाही दिले गेले. साधारण २०व्या ते ३६व्या दिवसांदरम्यान घेतलेल्या या औषधाने हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९६१ मध्ये ते तेथील बाजारातून मागे घेण्यात आले.

म्हणूनच मधुमेह किंवा अपस्मार असलेल्या, अथवा नियमित औषधे घेणाऱ्या स्त्रियांनी पाळी चुकण्याची वाट न पाहता गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते. मात्र सुरू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत.