रस्त्यातले रूळ कुणी उखडले?

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस नगरहून पुण्याला निघाली. नगरकराला हे सांगावं लागत नाही, लहानपणापासून ते कानावर असतं. या गोष्टीचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असायलाही हवा. पण एसटी येण्याआधी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा सामान्य माणूस कशाने जात होता, आणि ते साधन कुठे गेलं, हे आपण फारसं विचारत नाही. बैलगाडी, टांगा, खाजगी मोटार ही नावं आठवतात. आणखी एक साधन होतं, ते मात्र साफ विसरलं गेलं. शहराच्या भर रस्त्यात रूळ टाकून, बाजारातून वाट काढत स्टेशनपर्यंत जाणारी गाडी. आपल्या शेजारच्या नाशिकमध्ये ती चव्वेचाळीस वर्षांच्या आसपास चालली.

तिची गरज का पडली, हे समजायला नाशिकचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८६० च्या दशकात नाशिकजवळ पोहोचली, पण शहरात शिरली नाही. स्टेशन झालं ते कित्येक किलोमीटर दूर. त्याचं नावच नाशिकरोड पडलं, म्हणजे नाशिकला जायचं असेल तर इथे उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. गोदावरीवर येणारे यात्रेकरू, व्यापारी, कोर्टकचेरीची माणसं, सगळ्यांना हे मधलं अंतर कापावं लागे, आणि मध्ये बहुतेक रान होतं. म्हणून १८८९ मध्ये ट्राम सुरू झाली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, आठ ते दहा किलोमीटर. दोन डबे आणि ओढायला चार घोडे. पुढे घोड्यांच्या जागी पेट्रोलचं इंजिन आलं. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ही ट्राम बंद पडली.

बंद पडण्याचं कारण म्हणून दुष्काळ आणि प्लेग यांनी झालेला तोटा सांगितला जातो. तोटा झाला असेलच. पण मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. आपल्याकडे प्लेग १८९६ मध्ये आला, छप्पन्नचा दुष्काळ म्हणजे १८९९-१९०० चा. त्यानंतर तीस वर्षं तग धरलेली गाडी नेमकी १९३० नंतरच का मोडली? माझ्या मते उत्तर रस्त्यावर आहे. तोपर्यंत रस्त्यावर मोटार आली होती. १९३२ मध्ये सरकारने मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना मोटार आणि रेल्वे यांच्या स्पर्धेची पाहणी करायला नेमलं, म्हणजे मोठ्या रेल्वे कंपन्यांनाही मोटारीची धग लागत होती. जिथे मोठ्या रेल्वेला घाम फुटला, तिथे छोट्याशा ट्रामचं काय होणार?

ही स्पर्धा बरोबरीची नव्हती. ट्रामवाल्याला स्वतःचे रूळ टाकायचे आणि सांभाळायचे असतात. ब्रिटनच्या १८७० च्या ट्रामवे कायद्यात तर रुळांच्या मधला आणि रुळांबाहेरही १८ इंचांपर्यंतचा रस्ता दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी ट्राम कंपनीवरच टाकली होती. म्हणजे ट्रामने रस्ता नीट करायचा आणि त्यावरून मोटारीने तिचंच गिऱ्हाईक उचलायचं! मोटारीला सकाळी गर्दी दिसली की थांबायचं, दुपारी प्रवासी नसले की घरी जायचं, ही मोकळीक होती. ट्रामला नव्हती. तिला ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या थांब्यावर, रिकामीसुद्धा जावं लागे.

याच्याशी ताडून पाहायला एक चांगलं उदाहरण आपल्याच भागात आहे. नाशिकच्या ट्रामचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. याच माणसाने पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली, ती १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली. दोन्हीकडे रुळांची रुंदी तीच, अडीच फूट. बार्शीची गाडी पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती ताब्यात घेतली, पुढे तिचे रूळ रुंद झाले आणि आजही त्या वाटेने गाड्या जातात. अभियंता एक, रूळ एकाच मापाचे, पण एक लाइन वाढली आणि दुसरीचा मागमूस राहिला नाही. बार्शीची गाडी रेल्वे म्हणून जगली. नाशिकची रस्त्याच्या मेहेरबानीवर होती, आणि रस्त्याने नवा मालक पसंत केला.

मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून आणि बोरीबंदरहून निघालेल्या तिच्या दोन वाटा पायधुणीला मिळत. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली, १९२६ मध्ये बस आली. ‘बेस्ट’ या नावातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ आधी ‘ट्रामवेज’ होता, १९४७ मध्ये महापालिकेने कंपनी घेतल्यावर तो ‘ट्रान्सपोर्ट’ झाला. ट्राम नावातून आधी गेली आणि रस्त्यावरून सतरा वर्षांनी, ३१ मार्च १९६४ च्या रात्री. त्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून शब्दांकडे लक्ष जातंच. लगाम, जीन, खोगीर, चाबूक हे मराठीतले शब्द फारसीतून आले. नाल, रिकीब, तबेला, साईस यांचं मूळ अरबी. घोडा ज्या हातांतून मराठी मुलखात वावरला, त्या हातांची ही भाषा आहे. टांगेवाले, नालबंद, साईस यांत आपली माणसं फार होती. मुंबईच्या ट्राम कंपनीकडे सुरुवातीला ९०० घोडे होते. इतक्या घोड्यांमागे किती नालबंद आणि किती साईस लागत असतील, याचा हिशेब करून पाहा. विजेची ट्राम आली तेव्हा त्यांची रोजी गेली. मोटार आली तेव्हा ट्रामवाल्यांची गेली, मग टांगेवाल्यांची. दरवेळी याला तरक्की म्हटलं गेलं.

पण मी मोटारीला शिव्या देणार नाही. टांगेवाल्यांच्याच मुलांनी पुढे रिक्षाचं परमिट काढलं, गॅरेज टाकलं, ट्रक चालवला. आपल्या किती तरी घरांची चूल मोटारीवर पेटली. आणि एसटीने ज्या खेड्यात कुणी जात नव्हतं तिथे गाडी नेली. तेव्हा प्रश्न घोडा की इंजिन, रूळ की टायर हा नाहीच. जुनी गाडी बंद करताना तिच्या प्रवाशाच्या हातात काय दिलं, हा आहे.

अमेरिकेत नुकतंच काय झालं ते पाहा. शिकागोहून साउथ बेंडला जाणारी साउथ शोअर नावाची विजेची गाडी १९०८ पासून धावते. मिशिगन सिटी या गावात ती भर रस्त्यातून जायची, शेजारी मोटारी आणि दोन्ही बाजूंना घरं. लोक रस्त्यातूनच डब्यात चढत. २०२२ मध्ये रस्त्यातलं ते धावणं संपलं. पण गाडी संपली नाही. मोटारींच्या वाटेतून बाहेर काढून तिला वेगळी जागा दिली, एकाचे दोन रूळ केले, उंच फलाट बांधला, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही आत जाता यावं. त्यासाठी लोकांची घरं पाडावी लागली, ही किंमत मोठी आहे आणि ती लपवायला नको. तरीही तिथे रस्त्यातून गाडी हटवली ती तिला वाढवण्यासाठी. आपल्याकडे हटवली ती मोटारीला जागा करून देण्यासाठी. शेवट दोन्हीकडे झाला, पण त्या दोन शेवटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे सगळं सावेडीत बसून का लिहायचं? कारण आमच्याकडे स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि सावेडी दुसऱ्या टोकाला आहे. नगर-आष्टी गाडी २०२२ मध्ये सुरू झाली आणि आता रूळ बीडपर्यंत पोहोचलेत, फार चांगलं झालं. पण गाडीतून उतरल्यावर घरापर्यंतचं अंतर अजून ज्याचं त्याने कापायचं असतं, १८८९ पूर्वीच्या नाशिकसारखं. शहर बस कधी सुरू होते, कधी बंद पडते. माझ्या वर्गातल्या मुली शेअर रिक्षाने येतात. घरात पैशाची ओढाताण झाली की पहिला खर्च कापला जातो तो मुलीच्या रिक्षाचा, मुलाच्या पेट्रोलचा नाही. अकरावीला कॉलेज लांब पडतं म्हणून शिक्षण सोडलेल्या मुलींची नावं मला सांगता येतील, पण सांगणार नाही. त्यांच्यासाठी ठरलेली वेळ, ठरलेलं भाडं आणि ठरलेला थांबा ही चैन नाही. त्यावरच बाप हो म्हणणार की नाही, हे ठरतं.

२०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. आराखड्यातला एक मार्ग गंगापूर ते नाशिकरोड असा आहे. म्हणजे स्टेशन ते शहर, ज्या अंतरासाठी चार घोडे जुंपले होते, तेच अंतर. ट्राम बंद पडून नव्वद वर्षं होत आली तेव्हा शहराला पुन्हा तीच गरज कागदावर मांडावी लागली. गरज मधल्या काळात कुठे गेली नव्हती. ती लोकांनी आपापल्या खिशातून भागवली, आणि ज्यांचा खिसा रिकामा होता ते घरी राहिले.