विद्यार्थ्यांच्या आठवणी आणि डेक्कन कॉलेज

विद्यालयाचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे स्थापनेची तिथी, देणगीदारांची नामावली, प्राचार्यांची परंपरा आणि परीक्षांचे निकाल, असा क्रम आपल्याकडे ठरून गेलेला आहे. ही सामग्री आवश्यक खरी. पण ती मुख्यतः वास्तूची आणि कारभाराची हकीगत होय. विद्यालय म्हणजे माणसांचा जो मेळा, त्याचा वृत्तांत पदवी घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी स्वतःविषयी जे सांगतात त्यात सापडतो. निरोपसमारंभातील चार शब्द असोत की पुढे लिहिलेले आत्मचरित्र असो, सांगणारा 'मी' म्हणतो तेव्हा त्याच्या पाठीशी गुरुजन, सहाध्यायी आणि वसतिगृहातील शेजारी उभे असतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

पेशवाईतील दक्षिणेच्या रकमेचा काही भाग खर्ची घालून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचेच पुढे पूना कॉलेज झाले आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव रूढ झाले. जमशेटजी जीजीभाई यांच्या उदार देणगीच्या साहाय्याने येरवड्यास गॉथिक धाटणीची इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले. गावापासून दूर, नदीपलीकडे, एकाच आवारात राहणे आणि शिकणे यांमुळे विद्यार्थ्यांत जो घरोबा निर्माण झाला, तो शहरातील कॉलेजांत सहसा न आढळणारा होता.

या घरोब्याचे फळ १८७९ मध्ये दिसले. टिळक कायद्याचा आणि आगरकर एम. ए. चा अभ्यास करीत होते. सरकारी नोकरी न पत्करता लोकशिक्षणाला वाहून घ्यावयाचे, हा निश्चय दोघांनी येथेच केला. पुढे कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये दोघांना डोंगरीचा तुरुंगवास घडला. त्यावर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशे एक दिवस' हे पुस्तक लिहिले. तुरुंगाची हकीगत सांगता सांगता ते कॉलेजातील त्या संभाषणांकडे वळतात, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कोठडीत बसलेल्या माणसाला धीर मिळाला तो सहवासाच्या स्मरणातून. न्यू इंग्लिश स्कूल (१८८०), डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) आणि फर्ग्युसन कॉलेज (१८८५) या संस्था म्हणजे त्या सहवासाचीच वाढ होय. पुढे दोघांत तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. कॉलेजातील स्नेह मतभेद टाळू शकत नाही, हेही या कथेतून शिकावयाचे आहे.

परंतु अशा आठवणींना केवळ गौरवाचा रंग दिला तर इतिहासाशी प्रतारणा होईल. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. १८८७ मध्ये त्या पदवीपरीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर म्हणून त्यांची नोंद आहे. इंग्लंडला जाण्यासाठी मिळावयाची सरकारी शिष्यवृत्ती मात्र केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारली गेली. इतरांच्या साहाय्याने त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांचे 'इंडिया कॉलिंग' हे आत्मकथन १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. टिळक-आगरकरांच्या आठवणींतील 'आम्ही' किती मर्यादित होते, हे सोराबजींची कथा शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही. ज्या मेळ्यात सर्वांना सारखे स्थान नव्हते, त्याचे चित्र एकाच कथेने पुरे होणार कसे?

योगायोग असा की, त्याच १९३४ साली सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. एवढी परंपरा असलेली संस्था कारभारी निर्णयाने संपुष्टात यावी, हे माजी विद्यार्थ्यांना मान्य झाले नाही. संघटित होऊन त्यांनी न्यायालयात सरकारविरुद्ध दाद मागितली. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर अध्ययन व संशोधन संस्था या नव्या रूपात कॉलेज पुन्हा उघडले. भाषाशास्त्रात सु. मं. कत्रे, पुरातत्त्वात ह. धी. सांकळिया, समाजशास्त्र व मानवशास्त्रात इरावती कर्वे यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये हाती घेतलेला संस्कृत महाकोशाचा प्रकल्पही याच आवारातला. न्यायालयात जाणाऱ्यांनी हे काही पाहिले नव्हते. त्यांच्यापाशी होती ती आपापली आठवण आणि तिच्यातून आलेली जबाबदारीची जाणीव.

ऋण मानणे आणि ऋण फेडणे यांत अंतर असते. निरोपाच्या दिवशी सांगितलेली गोष्ट ऋण मानते. ते फेडण्याची वेळ संस्थेवर संकट आल्यावर येते. मात्र जे कधी शब्दांत मांडलेच गेले नाही, त्यासाठी पुढे झगडणार कोण? म्हणून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी, गोड तशा कडूही, जपून ठेवल्या पाहिजेत. टिळकांची खोली डेक्कन कॉलेजने आजवर जतन केली आहे. तितक्याच निगुतीने, तेथे ज्यांना सहज जागा मिळाली नाही त्यांच्या कथाही जतन व्हाव्यात, तरच त्या विद्यालयाचा इतिहास सर्वांचा होईल.