साथशैली-निर्मिती (अरेंजर कीबोर्ड)

साथशैली-निर्मिती म्हणजे अरेंजर कीबोर्डसाठी ताल, बेस आणि पूरक वाद्यांच्या साथीचा आराखडा मिडी नोंदींवरून स्वतः तयार करणे. या आराखड्याला वादक ‘स्टाईल’ म्हणतात. वादक डाव्या हाताने कॉर्ड धरतो व उजव्या हाताने चाल वाजवतो. उरलेली साथ कीबोर्ड स्टाईलच्या आधारे पुरवतो. महाराष्ट्रातील वाद्यवृंद, भजनी मंडळे आणि लग्नातील बँडपथके यांत हे वाद्य वापरले जाते. ते कोणत्याही कंपनीचे असले तरी बोलण्यात त्याला सर्रास ‘कॅसिओ’च म्हटले जाते.

पार्श्वभूमी

निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशी जोडणारे मिडी हे मानक १९८३ मध्ये अस्तित्वात आले. रोलँडचा ई-२० (१९८८) आणि कॉर्गचा आय-३ (१९९३) हे अरेंजर प्रकारातील सुरुवातीचे महत्त्वाचे कीबोर्ड होत. त्यांतील साथशैली मुख्यतः पाश्चात्त्य व लॅटिन नृत्यतालांच्या होत्या. १९९१ च्या ‘जनरल मिडी’ या आवाजांच्या सामायिक यादीत १२८ स्वरवाद्ये आहेत. तीत सतार आहे, सनई आहे. तालवाद्यांच्या ४७ आवाजांत मात्र तबला नाही आणि ढोलकीही नाही. पुढे यामाहाने पीएसआर-आय मालिकेसारखी खास भारतासाठीची वाद्ये काढली आणि भारतीय ठेके त्यांत समाविष्ट केले. तरीही कारखान्यातून येणारा केरवा हा एका ठरावीक वळणाचा केरवा असतो. गावोगावच्या वाजवण्यातला फरक त्यात येत नाही. स्वतः शैली तयार करण्याचे मुख्य कारण हेच आहे.

मिडी नोंदीचे स्वरूप

मिडी नोंदीत आवाज साठवलेला नसतो. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच माहिती तीत असते. जोर १ ते १२७ या अंकांत मोजला जातो. ढोलकीवादकाला पट्ट्यांवर ठेका वाजवणे अवघड जाते, म्हणून तो ऑक्टोपॅडवर वाजवून घेतात व मिडीच्या तारेने संगणकात किंवा थेट कीबोर्डमध्ये उतरवतात.

शैलीची रचना

एका शैलीत इंट्रो, मेन, फिल-इन आणि एन्डिंग असे विभाग असतात. यामाहाच्या पद्धतीत साथीसाठी ९ ते १६ हे आठ मिडी चॅनेल राखीव आहेत: ९ व १० तालासाठी, ११ बेससाठी, १२ व १३ कॉर्डसाठी, १४ लांब धरलेल्या सुरांसाठी आणि १५ व १६ छोट्या सुरावटींसाठी.

साथशैली हे गाणे नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. गाण्याच्या मिडी नोंदीत कॉर्ड बदलत जातात. शैलीत मात्र एकाच मूळ कॉर्डवर वाजवून ठेवायचे असते, कारण पुढचे सारे बदल वादकाच्या डाव्या हातावरून कीबोर्ड करतो. यामाहात हा मूळ कॉर्ड सहसा सी मेजर सेव्हन असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर पांढरी एकला षड्ज मानून सा, ग, प, नी हे सूर निर्धास्त वापरावेत. रे व ध चालतात. मध्यम आणि कोमल-तीव्र स्वर टाळावेत. वादकाने मायनर कॉर्ड धरला की कीबोर्ड आपल्या तक्त्यानुसार शुद्ध गंधाराचा कोमल गंधार करतो. मूळ नोंदीतच मध्यम राहिला असेल, तर तो दुसऱ्या कॉर्डवर बेसूर लागण्याची शक्यता असते. नवशिक्यांच्या बहुतेक शैली याच ठिकाणी फसतात. कॉर्गच्या पीए मालिकेत मेनसदृश विभागांसाठी सहापर्यंत वेगवेगळे कॉर्डपाठ नोंदवता येतात, त्यामुळे मायनरची साथ स्वतंत्रपणे वाजवून ठेवता येते.

भैरवीसारख्या रागातील गाण्यांना या तक्त्यांचा फारसा उपयोग नाही. कोमल रिषभ तक्ता सहसा देत नाही. अशा वेळी सुरांचे चॅनेल सा-प पुरते ठेवून भर तालावर द्यावा, हे उत्तम.

ठेका आणि सम

केरव्याच्या आठ मात्रा ४/४ च्या एका बारमध्ये नीट बसतात, दादऱ्याच्या सहा ३/४ मध्ये. अडचण सात मात्रांच्या रूपकाची. वाद्यात ७/८ किंवा ७/४ उपलब्ध नसेल आणि तो ४/४ मध्ये कोंबला, तर अनेक आवर्तनांनंतरच सम आणि बारची सुरुवात पुन्हा एकत्र येतात. मध्येच फिल-इन दाबला की आवर्तन मोडते.

संगणकावर ठोके आपोआप सरळ करण्याची सोय असते. तिने सर्व ठोके काटेकोर जागी बसवले की ढोलकीचा झोल जातो आणि ठेका ठोकळेबाज वाटू लागतो. मात्र काहीच सरळ न करणेही चालत नाही. वादकाने समेचा ठोका किंचित आधी मारला असेल, तर तो विभागाच्या सीमेबाहेर, मागच्या विभागात जातो आणि शैली सुरू होताना समच गायब होते. म्हणून सम तेवढी नेमकी बारच्या आरंभी आणावी व बाकीचे ठोके जिथे पडले तिथेच ठेवावेत.

खान्देशातील उपयोग

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत अहिराणी लग्नगीते आणि श्रावणातील कानबाईची गाणी यांना ढोल, डफ, संबळ यांची साथ परंपरेने असते. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात पावरी व ढोल वाजतात, तर गुजरात व मध्य प्रदेशाच्या सीमेलगत टिमलीचा ठेका लोकप्रिय आहे. यांपैकी कोणत्याही ठेक्याची अपेक्षा परदेशी बनावटीच्या वाद्याकडून करता येत नाही. जामनेर तालुक्यातील पहूरसारख्या गावी लग्नात एक गायक आणि एक कीबोर्डवादक एवढ्यावर कार्यक्रम करायचा झाल्यास स्थानिक ठेक्याची शैली हाताशी असावी लागते. नाही तर अहिराणी गाणे डिस्कोच्या ठोक्यावर म्हणावे लागते. संबळ वाजवणाऱ्याचे काम यामुळे कमी होते, ही तक्रार रास्तच आहे. दुसरीकडे, जाणत्या वादकाकडून वाजवून घेतलेला ठेका त्याच्या हाताचे वजन व अंतरे यांसह टिकून राहतो. संबळाचा नाद तेवढा त्यात नसतो.

जतन व देवाणघेवाण

यामाहाच्या शैली-फाईलमध्ये मिडी भागाच्या पाठोपाठ ‘कॅझम’ नावाचा भाग असतो. कोणता चॅनेल कोणत्या नियमाने बदलायचा, हे त्यात लिहिलेले असते. साध्या मिडी संपादकात फाईल उघडून पुन्हा साठवली की हा भाग बहुधा गळून पडतो आणि सुरांच्या बदलाचे आखून दिलेले नियम नाहीसे होतात. म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवणे आवश्यक ठरते. २००८ च्या टायरॉस-३ पासून आलेल्या सुधारित स्वरूपातील शैली जुन्या कीबोर्डवर थेट चालत नाहीत.

ताल-संचाचे क्रमांकही वाद्यागणिक बदलतात. एका कीबोर्डवर ज्या क्रमांकावर ढोलकीची थाप असते, त्याच क्रमांकावर दुसऱ्यावर काँगो किंवा झांज निघते. शैली दुसऱ्याला देताना ती कोणत्या मॉडेलवर आणि कोणत्या ताल-संचावर बेतली आहे, हे फाईलच्या नावातच लिहिण्याची पद्धत सोयीची आहे. पारंपरिक ठेक्यावर कोणाची मालकी नसते. चित्रपटगीताच्या मिडी नोंदीतून त्याची सुरावट उचलून केलेली शैली विकायची असल्यास मात्र कॉपीराइट कायदा, १९५७ आड येऊ शकतो.