सात भिडू, चौदा मिनिटं

आम्हा पिंप्राळ्याच्या पोरांसाठी सात जणांचा खेळ म्हणजे कबड्डी! रग्बी सेव्हन्समध्येही सातच भिडू, पण सात-सात मिनिटांचे दोनच डाव. चूक सावरायला वेळच नाही.

कोलकात्यात रग्बी १८७२ पासून आहे. तरी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत आपला पुरुष संघ गटातले तिन्ही सामने हरला. महिला संघ उभा राहिला थेट २००९ मध्ये. पुण्याच्या वाहबीझ भरुचासारख्या खेळाडूंनी तो घडवला आणि २०२२ मध्ये जकार्ताला आशियाई सेव्हन्स ट्रॉफीत रौप्य मिळालं!

मग जुना वारसा कुठे गेला? मला वाटतं, बराचसा जिमखान्यांच्या कुंपणातच राहिला. कबड्डी मोकळ्या मैदानावर वाढली. रग्बीला तरी दुसरं काय लागतं? एक चेंडू!