अक्कलदाढ आणि हार्टफर्डचा वेल्स

अक्कल येण्याचा आणि दाढ येण्याचा संबंध पहिल्यांदा कोणी जोडला कोण जाणे, पण तो जोडला मात्र बहुतेकांनी. आपण अक्कलदाढ म्हणतो, गुजराती माणूस डहापणाची दाढ म्हणतो आणि आमच्या सीमाभागात एका भिंतीपलीकडे तीच 'बुद्धी हल्लु' होते. लॅटिनमध्येही ती शहाणपणाचाच दात. ही दाढ विसाव्या वर्षाच्या सुमारास येते. क्वचित ऐंशी ओलांडलेल्या बायकांनाही ती आली आणि येताना तिने फार छळले, अशी नोंद ॲरिस्टॉटलने करून ठेवली आहे. असे पुरुषही असतात, हे सांगायला तो विसरला नाही, हे त्याचे उपकारच!

माझी खालची डावी दाढ हाडात आडवी रुतली होती. हिरडी कापून, थोडे हाड कोरून, दाढेचे दोन तुकडे करून डॉक्टरांनी ती काढली. मला दाब कळला, आवाज कळला; वेदना कळली नाही. ही न कळणारी वेदना आपल्या वाट्याला कोणामुळे आली, हे वाचू लागलो आणि होरेस वेल्सपाशी येऊन थांबलो.

वेल्स हा अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा दंतवैद्य. १० डिसेंबर १८४४ रोजी गावात कोल्टन नावाच्या गृहस्थाने 'हसवणाऱ्या वायू'चा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, खेळ लावला होता. तिकीट काढून लोक वायू हुंगत आणि बरळत, नाचत. त्यात कूली नावाच्या एका तरुणाच्या पायाला चांगलीच जखम झाली. पण नशा उतरेपर्यंत त्याला तिचा पत्ताच नव्हता. सभागृहात सगळे हसत होते. वेल्स मात्र त्या पायाकडे पाहत होता. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला वायूची पिशवी घेऊन बोलावले, स्वतः खुर्चीत बसून वायू हुंगला आणि जॉन रिग्ज या सहव्यावसायिकाकडून आपलीच एक दाढ उपटवून घेतली. काही वर्णनांत ती अक्कलदाढ होती असे म्हटले आहे. दुसऱ्याच्या जबड्यावर प्रयोग करण्याआधी त्याने स्वतःचा जबडा पुढे केला, याचे मला फार मोल वाटते.

जानेवारी १८४५ मध्ये तो बोस्टनला गेला. विद्यार्थ्यांसमोर दात काढताना पिशवी जरा लवकर बाजूला झाली, रोगी कण्हला आणि सभेने वेल्सला लबाड ठरवून हुर्यो केली. आपल्याला फारसे दुखले नाही, असे त्या रोग्याने नंतर सांगितले. पण तोवर सभा उठली होती. पुढे वेल्सचाच जुना शिष्य आणि भागीदार विल्यम मॉर्टन याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच बोस्टनमध्ये ईथरचा प्रयोग यशस्वी केला, आणि त्याचे पेटंटही घेतले. जॉर्जियातल्या क्रॉफर्ड लाँगने तर १८४२ सालीच ईथर वापरले होते, पण ते छापले १८४९ मध्ये. भांडण मोठे आहे. मी वेल्सच्या बाजूचा. स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करता करता त्याचा तोल गेला, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बायकांवर आम्ल फेकल्याबद्दल त्याला अटक झाली आणि २४ जानेवारी १८४८ रोजी तुरुंगातच त्याने आत्महत्या केली. वय अवघे ३३. अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्याला श्रेय दिले ते १८६४ साली.

माझ्यासारखी रुतलेली दाढ मात्र वायूच्या चार घटकांत निघणारी नव्हे. त्यासाठी जागेवरची भूल हवी. न्यूयॉर्कच्या हॅलस्टेडने १८८४ मध्ये कोकेन टोचून जबड्याची नस बधिर केली. तोही पुढे कोकेनच्याच आहारी गेला. मग जर्मनीतले नोव्होकेन आले, आणि १९४३ साली स्वीडनच्या लॉफग्रेनने लिडोकेन तयार केले. आज आपल्या हिरडीत सुई जाते ती बहुधा याचीच.

दाढ निघाली की पुस्तकातला इतिहास संपतो. घरी मात्र पुढचे दिवस असतात. पहिल्या दिवशी गालाला बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार खळखळ. चूळ जोरात टाकायची नाही, नळीने ओढून प्यायचे नाही, विडी-सिगारेट बंद. कारण खड्ड्यात साकळलेले रक्त निघून गेले तर आतले हाड उघडे पडते. याला ड्राय सॉकेट म्हणतात; १८९६ साली क्रॉफर्ड आडनावाच्याच, पण निराळ्या, दंतवैद्याने त्याचे वर्णन केले. सगळे पथ्य पाळूनही मला ते झाले. चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका चढला, तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. डॉक्टरांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली आणि वासाने मी ओळखले: लवंग! औषधातले युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलाचाच मुख्य घटक. आजीने दाढेखाली धरायला दिलेली तीच लवंग. तासाभरात ठणका उतरला. आठवडाभर पेज आणि ताकभात. भाकरी दहाव्या दिवशी, तीही कुस्करून.

उजवीकडची दाढ अजून आहे. त्रास न देणारी निरोगी अक्कलदाढ उगाच काढू नये, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० सालीच सांगितले आहे. आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला, दाढ सरळ उभी आहे म्हणाले, आणि फाइल मिटली.